चव्वेचाळिसाव्या वर्षी ब्लॅक सॅबथ सापडला, तर कुणाच्या पोटात का दुखतंय?

जी_मेजर
परवा सुरेल_कट्टा यांनी लिहिलेलं वाचून दोन दिवस गप्प बसलो, आज राहवंना. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी : त्यांचं म्हणणं असं की मोबाईलवर सगळं फुकटात मिळतंय म्हणून चाळिशीतल्या लोकांना अचानक रॉकचा पुळका आलाय, पन्नास वर्षांचं जुनं काहीतरी ऐकायचं आणि अमेरिकेचा शोध लावल्यागत नाचायचं, वर गिटार घेऊन स्वतःची गाणी 'पाडायची', आणि कोल्हापुरी मराठीत रॉक म्हणजे मिसळीवर चीज. नाव कुणाचं घेतलं नाही. पण गेल्या आठवड्यात इथं स्वतःचं गाणं टाकणारा मी एकटाच होतो, तेव्हा रोख कुणाकडं हाय ते कळायला मला क्लास लावावा लागत नाही.

व्हय, मला उशिरा सापडलं. शिरोलीत एका फौंड्रीच्या अकाउंट्सला आहे. पोरीनं आठवीत हट्ट करून गिटार घेतली, तीन महिन्यात ती माळ्यावर गेली, लॉकडाऊनात माळा आवरताना खाली आली, जाड तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. तिथनं सुरुवात. एफ कॉर्ड नीट वाजायला सात महिने लागले, त्या काळात बायकोनं टीव्हीचा आवाज वाढवला तो अजून खाली आलेला नाही.

मग एकदा ब्लॅक सॅबथ या बँडच्या गिटारवाल्याबद्दल, टोनी आयोमीबद्दल वाचलं. बर्मिंगहॅमचा पोरगा, १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस, आणि प्रेसमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा होता, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. गड्यानं भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, बोटांवर चढवली, पुढं दुखू नये म्हणून तारा सैल सोडल्या. सैल तारेचा आवाज खाली गेला, जड झाला, आणि आज ज्याला हेवी मेटल म्हणतात त्यातलं निम्मं तिथनं आलंय. मी हे वाचलं तेव्हा व्हाउचरं तशीच टाकून बसलो. गेल्या साली आमच्या प्रेसवर एका पोराचं बोट गेलं, त्याचा अपघाताचा फॉर्म मीच भरलेला. कुठलं बोट, किती पेरं, सगळं माझ्या अक्षरात. आता सांगा, मला हे १९७० ला सापडलं काय आणि आत्ता काय, फरक कुणाला पडतो?

आणि फक्त जुनंच ऐकालोय असंही नाही. सहारातल्या तिनारिवेन नावाच्या बँडच्या म्होरक्यानं पहिली गिटार पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार लावून केली होती. त्यांचं एकेक गाणं म्हणजे उंटाची चाल. ते ऐकल्यावर मला कळलं की रॉक ही काय कुणा साहेबाची इस्टेट नाही.

आता मिसळ आणि चीज. रॉकचा साधा ठेका म्हणजे चार मोजायचे आणि दुसऱ्या-चौथ्यावर स्नेअर ड्रम. ओळीच्या शेवटी 'आहे' आलं की लोंबकळतं, स्नेअर वाजून गेला तरी 'हे' मागं रेंगाळतंय. 'हाय' म्हणलं की विषय संपला, बरोब्बर ठोक्यावर. पुस्तकी मराठीत जमत नाही ते आपल्या बोलीत आपसूक बसतंय. माझ्या ज्या गाण्याला 'पाडलेलं' म्हणलात त्याच्या ओळी परत देतो :

भट्टी लाल, गल्ली काळी, रातपाळी हाय
पोरं झोपली, कडी काढून जागी माझी आय

घ्या, आता सोला.

सुरेल_कट्टा
एवढा मोठा निबंध माझ्यावर लिहिलात, आभारी आहे. माझा रॉकवर राग आहे असं कुणी सांगितलं? मी तुम्ही शाळेत होता तेव्हापासून ऐकतोय. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर मित्राकडून अल्बम भरून घ्यायचा, टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, मुंबईला कुणी चाललं की रिदम हाऊसची यादी द्यायची आणि तो येताना चितळेची बाकरवडी घेऊन परत यायचा. २००७ ला आयर्न मेडन बँडवाले बंगलोरला आले, रात्रीच्या गाडीनं उभ्यानं गेलो. उभ्यानं! माझं म्हणणं एवढंच की ज्याला काहीच मोजावं लागलं नाही त्यानं इतकं हरखून जाऊ नये. आयोमीची गोष्ट तुम्ही अशी सांगताय जशी काय तुम्हालाच पहिल्यांदा कळली. आम्हाला ती तीस वर्षं पाठ आहे.

जी_मेजर
मग तीस वर्षांत एकदा तरी कुणाला सांगायची होती की सर. गावात राहून गावाला पत्ता लागू दिला नाही आणि वर आम्ही हरखतो म्हणून राग.

पुण्यात_अडकलेला
क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पहिला बँड तिथंच काढला, द हेक्टिक्स. म्हणजे माणूस अर्धा सातारकर. आणि कोल्डप्ले २०२५ च्या जानेवारीत नेरूळला वाजवून गेले ते डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे शेवटी आपल्याच कसबा बावड्याचं नाव. मातीत रुजत नाही म्हणणाऱ्यांनी विचार करावा.

पेठेतला_बाळ्या
सातारकरांना चढवू नको भावा, उद्या क्वीन पण आमचीच म्हणतील

घराणेदार
वाचत होतो, राहवलं नाही. या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. देवल क्लबमध्ये कोण कोण गाऊन गेलं याची यादी केली तर हा धागा पुरायचा नाही. पन्नास किलोमीटरवर मिरजेत भोपळा वाळवून तंबोरा करणारी घराणी आहेत, त्या कारागिराला एक जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणायला, किती वेळ लागतो ते जाऊन बघा. आणि आपण कौतुक कशाचं करतोय, तर बाटलीच्या टोपणाचं. तो सूर नाही, गोंगाट आहे. वीज बंद केली की ज्याचं संगीत बंद पडतं त्याला मी संगीत म्हणत नाही.

पेठेतला_बाळ्या
गोंगाट म्हणलं की लोकांना आमचीच आठवण येणार, म्हणून आधीच सांगतो, साऊंड सिस्टीमचा धंदा हाय माझा. वीज बंद पडली तर आमच्याकडं जनरेटर असतोय काका 😄

राजारामपुरी_आठवी
अच्छा, तुम्ही का ते! गेल्या गणपतीत आगमनाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाला दोन मंडळं समोरासमोर अडकली, दोघांचाही डॉल्बी चालू. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी होऊन नववा दिवस. कपाटातल्या वाट्या आपोआप वाजत होत्या, मी हातानं धरून उभी. सासरे छातीवर हात ठेवून बसलेले, आणि खाली पोरं नाचतायत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असा नियम २००० सालापासून आहे, आहे की नाही? आणि इथं रॉक की शास्त्रीय यावर भांडण.

पेठेतला_बाळ्या
वहिनी ५५ म्हणजे आपण दोघं बोलालोय एवढाच आवाज. त्यात गणपती कसा न्यायचा सांगा. वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत वाजवायची सूट सरकार देऊ शकतंय, ते पण त्याच नियमात लिवलंय, ते कोण वाचत न्हाई.

राजारामपुरी_आठवी
सूट वेळेची आहे, आवाजाची नाही!! अर्धाच नियम पाठ करायचा आणि सोयीचा तेवढा सांगायचा. एक दिवस तुमच्या आईंना आमच्या खिडकीत आणून बसवा.

पेठेतला_बाळ्या
आईवर जायचं काम न्हाई. माझी आई माझ्याच गाडीमागनं चालत असती विसर्जनाला, पापाच्या तिकटीपर्यंत. कर्ज काढून बेस घेतल्यात, आठ पोरं हाताखाली हायत, वर्षात दहा दिवस धंदा. दोन टॉप दोन बेस एवढेच स्पीकर लावा म्हणा न्हाईतर बंदी म्हणा, त्यांचं पोट कोण भरणार, तुमी?

सुरेल_कट्टा
एक गंमत सांगतो, भांडणात भर म्हणून. रे डॉल्बी नावाच्या माणसानं १९६५ साली लंडनला कंपनी काढली ती आवाज कमी करण्यासाठी. टेपवर जी खरखर यायची ती मारायला. जुन्या डेकवर 'डॉल्बी एनआर' असं बटण असायचं, दाबलं की मागचा शूऽऽ आवाज गायब. त्या बिचाऱ्याच्या नावानं आपण स्पीकरची भिंत ओळखतो. हे फक्त आपल्याकडंच होऊ शकतं.

पेठेतला_बाळ्या
आँ? खरं काय? दहा वर्षं धंदा करालोय, हे म्हाईत नव्हतं

जी_मेजर
अहो विषय काय होता आणि चाललाय कुठं. हे सगळं खरं असेल, पण रॉक आणि डॉल्बी एका दावणीला बांधू नका. एका बाजूला माणूस वाद्य वाजवतोय, दुसऱ्या बाजूला पेन ड्राइव्ह.

राजारामपुरी_आठवी
असं होय. मग तुमच्या त्या डीप पर्पलचं काय? आत्ताच मुलाला विचारलं, तो म्हणाला १९७२ ला लंडनच्या रेनबो थिएटरात ११७ डेसिबल मोजला, तीन जण बेशुद्ध पडले आणि गिनीज बुकानं त्यांना जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंदवलं. वाद्य वाजवून बेशुद्ध पाडलं तर चालतं का?

जी_मेजर
…बरं. हा मुद्दा तुमचा. लिहून घ्या, मी हरलो. पण त्यांनी निदान तिकीट काढून आलेल्यांना बेशुद्ध पाडलं, घरात बसलेल्याला नाही.

पेठेतला_बाळ्या
११७!! नाद खुळा. कुठला अँप होता?

पुण्यात_अडकलेला
मला एक सांगा, आपल्याकडं आवाजाचं वेड डॉल्बीनं आणलं हे साफ खोटं आहे. खासबागेत कुस्ती लागली की हलगी-घुमकं वाजायचं ते काय हळू वाजायचं का? माझे आजोबा सांगायचे, हलगीवाला मधेच बाजूला जाऊन कागदाचा जाळ करायचा आणि कातडं शेकायचा, टणक झालं की परत. तिकडं तुमचा आयोमी तार सैल सोडतोय, इकडं हलगीवाला कातडं ताणतोय, दोघांनाही पाहिजे तो आवाज काढायचाय, बस. मी पुण्यात एका सोसायटीत राहतो, इथं पोरगं दुपारी तीनला तबला वाजवतं तर ग्रुपवर नोटीस येते. कोल्हापुरात परत यायचंय मला, डॉल्बीसकट.

राजारामपुरी_आठवी
या. आमच्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे.

मोल्डर_शिरोली
मी गाण्याचं काय बोलत न्हाई, मला कळत न्हाई. पण जी_मेजर साहेब, तुमी अकाउंट्सला हाय म्हणला ते बरं झालं, नाहीतर आमच्या डिपार्टमेंटची लाज गेली असती. भट्टी लाल कुठं असती? लाल झालं म्हंजे थंड पडलं. ओतायच्या वेळी १४०० डिग्रीच्या आसपास असतंय, पिवळं दिसतंय, वरनं बघितलं तर पांढरंच, डोळे दिपतात. लाल मेटल लेडलमधी, ओतायच्या भांड्यात दिसलं तर सुपरवायझर आईबाप काढंल. सोळा वर्षं ओतालोय. एसीत बसून खिडकीतनं बघितलं की लालच दिसणार.

सुरेल_कट्टा
😂 हेच म्हणत होतो मी. जगल्याशिवाय लिहायचं आणि ऐकायला लावायचं.

जी_मेजर
तुम्ही मधे बोलू नका सर, तुम्ही उभ्यानं बंगलोरला जा परत.
मोल्डर दादा, मान्य. खरंच खिडकीतनंच बघितलंय. 'लोखंड पिवळं' करून बघितलं आत्ता, पण ओळ लांब होतीया, ठेका हुकतो.

मोल्डर_शिरोली
लोखंड कोण म्हणतंय हितं. मेटल. 'मेटल आलं', 'मेटल थंड झालं', 'मेटल सांडलं', दिवसभर तेच. आणि तुमी वर लिवलंयच की हेवी मेटल. ते काय वेगळं असतंय?

जी_मेजर
मेटल पिवळं, गल्ली काळी, रातपाळी हाय

दादा. बसलं. भट्टी लाल जेवढं भरत होतं तेवढंच भरतंय. चार महिने या ओळीवर बसलोय मी.

घराणेदार
'पिवळं'च्या 'ळं'वर थांबा, घाई करू नका, मग 'गल्ली' उचला. सल्ला मागितला नव्हतात, तरी देतो.
आणि एक. काल रात्री झोप येईना म्हणून तुमचा तो टोपणवाला ऐकला. आवडला असं म्हणणार नाही. पण खाँसाहेबांचाही आवाज मधे बसला होता, दोनेक वर्षं गाणं बंद, आणि पुन्हा पहिल्यासारखा लागलाच नाही. त्या उरलेल्या आवाजात जे बसेल ते गायचं म्हणून त्यांनी गायकी नव्यानं बांधली, तीच आमच्या जयपूर-अत्रौली घराण्याची. तेव्हा बोटं गेलेल्या माणसानं तारा सैल केल्या याला मी नावं ठेवायला नको होती. गोंगाट मात्र आहेच.

जी_मेजर
हे तुम्ही लिहिलंत याचा स्क्रीनशॉट काढून ठेवालोय.

घराणेदार
काढा. शेवटचं वाक्य कापू नका.

सुरेल_कट्टा
ओळ बरी झाली. पाडलेलं हा शब्द मागं घेतो. चीजचा नाही.

मोल्डर_शिरोली
दुसरी ओळ बदलू नका. आमची आय पण कडी काढूनच ठिवती.

पेठेतला_बाळ्या
गाणं रेकॉर्ड झालं की मला पाठवा, टेस्टिंगला लावतो. एमपीथ्री नको, वेव्ह फाईल पाठवा, नाहीतर बेस फाटतोय. वहिनी, दिवसा लावतो, गावाबाहेर शेतात

राजारामपुरी_आठवी
कुठल्या शेतात ते आधी सांगा.