आवाज नाही, पट्टी
‘संगीत सौभद्र’ नाटकात पूर्वी पुरुषांनी गाजवलेली सुभद्रा बाईच्या आवाजात फिकी वाटते, हे मत मला पटत नाही. आवाज फिका नसतो, पट्टी (गाण्याचा ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते) चुकते. अर्जुन-सुभद्रा दोघंही पुरुष असताना एका पट्टीत निभायचं. आता बाई सुभद्रा करत असताना अर्जुनाची पट्टी काळी एक आणि सुभद्रेची काळी चार (ऑर्गनच्या सप्तकातला पहिला आणि चौथा काळा सूर) धरली, तर काळी चारला लावलेला तबला एकच पुरतो: तिचा षड्ज (सा) म्हणजे त्याचा पंचम (प). पण त्याचं पद मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात असेल तर तोच तबला खटकतो, दुसरा लावून ठेवावाच लागतो. आणि तिला काळी एकमध्ये ओढलं की मंद्रातले (खालच्या सप्तकातले) स्वर पुटपुटल्यासारखे येतात, शेवटच्या रांगेपर्यंत शब्दच पोचत नाहीत. तालमीच्या पहिल्याच दिवशी ऑर्गनवाल्यासोबत बसून पदागणिक पट्टी लिहून घ्यावी.