मदत हवी आहे: कामावरच्या दुखापतीचे ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) पैसे किती दिवस मिळतात?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. मार्चमध्ये उजवा हात प्रेसमध्ये सापडला. तर्जनी वरच्या पेरापासून गेली, मधलं बोट अजून वाकत नाही. शर्टाची बटणंसुद्धा त्याची बायको लावून देते.

ईएसआयचं कार्ड आहे, अपघाताचा रिपोर्ट वेळेत गेलाय, पगाराच्या ९० टक्के रक्कम खात्यात येते. पण ठेकेदार सारखा म्हणतोय, "९१ दिवस झाले, आता काही मिळायचं नाही, कामावर ये."

मी वाचलं ते असं, की ९१ दिवसांची मर्यादा साध्या आजारपणाच्या ७० टक्के लाभाला आहे. कामावरच्या दुखापतीला ती लागत नाही, तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत पैसे मिळतात. पुढे कायमचं अपंगत्व राहिलं तर कमाईची क्षमता किती टक्के गेली ते मेडिकल बोर्ड ठरवतं आणि त्या हिशोबाने दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते.

आता डॉक्टर पुढच्या आठवड्यात फिटनेस (कामावर जायला हरकत नाही असा दाखला) देणार. म्हणजे तात्पुरता लाभ बंद. घरात दोन लहान मुलं आहेत हो, बोर्डाचा निर्णय होईपर्यंतचे मधले महिने कसे काढायचे?

तुमच्यापैकी कोणी बोर्डासमोर गेलं असेल तर कृपया सांगा, अर्ज फिटनेस मिळाल्या मिळाल्या केला का? सोबत कोणते कागद नेले? आणि दुसरीकडे हलकं काम धरल्यावरही ती रक्कम चालू राहिली का?