प्रश्न बंद केला, आता मॉडरेटरशी बोलायचं तरी कुठून?

नवा_गडी

मंडळी जरा मदत हवीये. एका प्रश्नोत्तरांच्या साइटवर आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न टाकला, पायथनने सीएसव्ही फाइल वाचून डेटाबेसमध्ये भरतोय तर देवनागरी अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो, असा. अर्ध्या तासात प्रश्न बंद! वर पट्टी आली की डिटेल्स द्या. देतो की, पण कुणाला? खाली कॉमेंटमध्ये "@मॉडरेटर सर प्लीज ओपन करा" असं तीनदा लिहिलं, कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मग पर्सनल मेसेजचं बटण शोधत बसलो, ते नाहीच. एका मॉडरेटरचं जुनं उत्तर सापडलं, म्हटलं त्याखाली लिहू, तर तुमचे पॉइंट कमी आहेत म्हणे. शेवटी माझ्याच प्रश्नाखाली उत्तराच्या डब्यात विनंती लिहिली, तीही उडवली. आता दुसरं अकाउंट काढून तोच प्रश्न परत टाकू का?

रात्रपाळी

दुसरं अकाउंट अजिबात नको!! आज नुसता प्रश्न बंद आहे, उद्या अकाउंट जाईल.

तुझी साइट कुठली ते माहीत नाही, मला नीट माहितीये ती स्टॅक ओव्हरफ्लो आणि स्टॅक एक्स्चेंजच्या बाकी साइट्सची, तर त्या हिशोबाने सांगतो, तुझ्याकडे बटणांची नावं वेगळी असतील. पहिलं म्हणजे त्या पट्टीत बंद करणाऱ्यांची नावं असतात ती वाच. नावापुढे डायमंडचं चिन्ह असेल तरच तो मॉडरेटर. नसेल तर ती तुझ्यामाझ्यासारखीच माणसं, फक्त पॉइंट जास्त. स्टॅक ओव्हरफ्लोवर अशा तिघांची मतं पडली की प्रश्न बंद होतो, मॉडरेटरला पत्ताही नसतो. म्हणजे तू ज्याला सर सर करतोयस त्याने बहुतेक काही केलेलंच नाही 😄

आणि @मॉडरेटर असं लिहून कुणालाच नोटिफिकेशन जात नाही. @ लावून माणसाला बोलावता येतं, पण तो त्या पोस्टवर आधी आलेला असला तरच, म्हणजे कॉमेंट केलीये, एडिट केलंय वगैरे. स्वतःच्या प्रश्नाखाली कॉमेंट कुणालाही करता येते, दुसऱ्याच्या पोस्टखाली करायची तर 50 रेप्युटेशन (म्हणजे तेच पॉइंट) लागतं, म्हणून तुला अडवलं असेल.

प्रश्न उघडायला मॉडरेटर लागतच नाही. प्रश्नच एडिट कर, एरर जशीच्या तशी टाक, पाच-सहा ओळींचा चालणारा कोड टाक, फाइलच्या दोन ओळी टाक. सेव्ह करताना परत तपासायला पाठवायची सोय असते ती वापर. डिलीट करून परत टाकू नकोस, डिलीट केलेले प्रश्नही तुझ्या खात्यात मोजले जातात आणि सिस्टिमने प्रश्न विचारायलाच बंदी घातली की ती मॉडरेटरलाही उठवता येत नाही.

खवचट_काका

सल्ला बरोबर आहे पण एवढं गोड चित्र नको. मी एकदा फ्लॅग केला होता, म्हणजे पोस्टखालच्या बटणाने मॉडरेटरला कळवलं होतं, तर "रिजेक्ट" आणि खाली एक ओळ, तीही साच्यातली. नव्या माणसाला हे कुठे कळणार की फ्लॅग म्हणजे तक्रारपेटी आणि मेटा म्हणजे साइटच्या कारभारावर बोलायची चावडी? साइट सांगत नाही, लोक हाकलतात.

झाडलोट

काका, फ्लॅगमध्ये लिहिलं काय होतं तुम्ही? 🙂 मी एका छोट्या साइटवर दोन वर्षं मॉडरेटर होते, फुकटातलं काम, नोकरी सांभाळून. रात्री लॉगिन केलं की फ्लॅगची रांग, आणि त्यात "हे अन्यायकारक आहे" एवढंच लिहिलेले कितीतरी. काय करू मी त्याचं? कुणी डाउनव्होट केलं ते शोधा असंही लोक लिहायचे, ते आम्हाला दिसतच नाही हो.

फ्लॅग म्हणजे ऑफिसच्या टेबलावर ठेवलेली चिठ्ठी समजा. काय झालंय, कुठे झालंय, मी काय करू. स्टॅक एक्स्चेंजवर मॉडरेटरसाठी खास मजकूर लिहायचा पर्याय असतो, 500 अक्षरांत बसवायचं, साधं मोडकंतोडकं इंग्रजी असलं तरी चालतं, आम्ही व्याकरण तपासत नाही. पण ज्याला मॉडरेटरच लागतो त्यासाठीच तो वापरायचा, कुणी कॉमेंटमध्ये घाणेरडं बोलतंय, मागे लागलंय, अशा गोष्टींसाठी. "नियमच पटत नाही" असेल तर मेटावर विचारा, तिथे 5 रेप्युटेशनवर प्रवेश मिळतो. रेडिटवर वेगळं, तिथे मॉडमेल असतो आणि तो सगळ्या टीमला जातो, एकेकट्या मॉडरेटरच्या इनबॉक्समध्ये घुसलेलं त्यांना आवडत नाही.

नवा_गडी, एक विचारते. कोडमध्ये डेटाबेस जोडलायस म्हणतोस. पासवर्ड काढून टाकला होतास ना?

नवा_गडी

...

नाही 😶 होता. आत्ता बघितलं, सरळ दिसतोय. लगेच एडिट करून काढला.

झाडलोट

एडिटने नाही जात, हिस्टरीत जुनं व्हर्जन कुणालाही दिसतं. आधी खरा पासवर्ड बदल, मग फ्लॅग कर. हे बघ, हे खरं मॉडरेटरचं काम.

नवा_गडी

बदलला. असं लिहू का: "माझ्या या प्रश्नाच्या पहिल्या व्हर्जनमध्ये डेटाबेसचा पासवर्ड चुकून राहिला. पासवर्ड बदललाय, कोडमधूनही काढलाय, पण एडिट हिस्टरीत अजून दिसतो. ते व्हर्जन लपवता येईल का?" शेवटी सॉरी लिहू का? आणि उत्तराच्या डब्यात लिहिलं होतं त्याबद्दलही?

झाडलोट

सॉरी नको, डब्याचंही नको, ते कुणाच्या लक्षातही नसेल. बाकी एक अक्षर बदलू नकोस.

खवचट_काका

माझ्या फ्लॅगमध्ये "इथे कुणी वाचतं का" असं होतं. असो.

नवा_गडी

अपडेट: दोन तासांत फ्लॅग "हेल्पफुल", जुनं व्हर्जन गेलं. प्रश्न अजून बंदच आहे पण एरर आणि फाइलच्या ओळी टाकल्यावर एकाने खाली कॉमेंट केली की फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 दे, विंडोजवर आपोआप दुसरंच धरलं जातं. दिलं, अक्षरं नीट आली. फक्त पहिल्या कॉलमच्या नावाआधी काहीतरी विचित्र चिकटलंय.

रात्रपाळी

फाइल एक्सेलमधून सेव्ह केलीये ना? मग एन्कोडिंग यूटीएफ-8-सिग दे, ते चिकटलेलं बीओएम आहे, फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण.