मदत हवी आहे : खुणांच्या मागे न धावता वाट शोधायला लावणारा ओपन वर्ल्ड ॲक्शन गेम सुचवावा

नमस्कार.

माझ्या धाकट्या भावासाठी एक गेम निवडायचा आहे आणि त्यासाठी ओपन वर्ल्ड गेम (मोठ्या प्रदेशात हवे तिकडे मोकळे फिरू देणारे गेम) मनापासून खेळणाऱ्यांचा सल्ला मला हवा आहे. आम्ही कोल्हापूरला मंगळवार पेठेत राहतो. भाऊ २४ वर्षांचा आहे. लहानपणापासून तो तालमीत मर्दानी खेळ शिकला, लाठी आणि दांडपट्टा उत्तम फिरवतो आणि गेली सहा वर्षे दर जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पायी चालतो. यंदा जूनच्या अखेरीस मित्रांबरोबर सरावाला गेला असताना शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या रात्री पन्हाळ्यावरून निघाले, त्या १२ जुलैच्या सुमारास त्याचे सगळे सोबती मसाई पठारावर असतील आणि हा खाटेवर पाय उंच करून पडलेला असेल, हे त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागले आहे.

नुसते ‘चांगला गेम सांगा’ म्हटले तर यादी मिळेल आणि त्या यादीतले निम्मे त्याचे खेळून झालेले असतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ‘सॅन अँड्रियास’ त्याने शाळेत असतानाच संपवला. ‘जीटीए ५’ कॉलेजमध्ये खेळला. ‘फार क्राय ४’ त्यातल्या हिमालयासारख्या डोंगरांसाठी आणि हत्तीवर बसून केलेल्या हल्ल्यांसाठी त्याला आवडला होता. ‘असॅसिन्स क्रीड’पैकी समुद्रावरचा ‘ब्लॅक फ्लॅग’ आणि इजिप्तमधला ‘ओरिजिन्स’ झाले आहेत. ‘द विचर ३’ तर त्याने नंतर आलेल्या दोन्ही विस्तारांसह (जादा कथांसह) पूर्ण केला आणि त्यातल्या ब्लडी बॅरन या पात्राच्या प्रकरणाबद्दल तो अजूनही बोलतो.

त्या ‘विचर’च्याच वेळची एक गोष्ट सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच निघाला आहे. मी शेजारी बसून भाजी निवडत पाहत होते. त्यातला नायक गेराल्ट घोड्यावरून एका गावातून गेला. पाऊस पडत होता, कौलांवरून पाणी ओघळत होते, दाराशी माणसे उभी होती. गाव मागे पडल्यावर मी त्याला सहज विचारले, “त्या गावात देऊळ होते का रे?” तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, मी गाव बघितलेच नाही, कोपऱ्यातली ठिपक्यांची रेघ बघत होतो.” त्याच संध्याकाळी त्याने सेटिंगमध्ये जाऊन मिनीमॅप, म्हणजे कोपऱ्यातला वाट दाखवणारा छोटा नकाशा, बंद केला. पण दोन दिवसांत पुन्हा चालू करावा लागला. काम सांगणारी माणसे ‘अमक्याला शोध’ एवढेच सांगत होती, कुठल्या बाजूला आणि कशाच्या पलीकडे हे बहुतेक वेळा सांगत नव्हती, कारण ते सांगण्याची जबाबदारी नकाशावर सोपवलेली होती. म्हणजे खुणा नुसत्या बंद करून भागत नाही. गेम मुळातच खुणांवाचून चालण्यासाठी लिहिलेला असावा लागतो.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ २०२४ च्या मे महिन्यात पीसीवर आला तेव्हा त्याने घेतला आणि तो त्याच्या मनात बसला. १२७४ मधले मंगोल आक्रमण, तलवारीचे वेगवेगळे पवित्रे आणि कोपऱ्यात मिनीमॅप नाही. जिकडे जायचे तिकडे वारा वाहतो, गवत वाकते, पाने उडतात. कोल्हा दिसला की त्याच्या मागे जावे, म्हणजे तो देवस्थानापाशी नेतो. इतके सुंदर काही मी पडद्यावर क्वचित पाहिले आहे. तरीही शेवटी भाऊ म्हणाला ते मला पटले : वारादेखील उत्तर सांगूनच टाकतो, शोधायचे काही उरतच नाही. मसाई पठारावर धुके उतरले की दहा हातांवरचे दिसत नाही. अशा वेळी ‘ती टेकडी डाव्या हाताला ठेवा, ओढा लागला की उतरू नका, काठाने जा’ असे एखाद्या धनगराने सांगितलेले आठवत आठवत चालावे लागते. ते शोधणे त्याला हवे आहे.

लढाईही मनासारखी हवी. बटण दाबत राहिले की दहा जण आडवे, असे त्याला नको. हातात शस्त्र धरलेला मुलगा आहे, त्याला अंतर, पवित्रा आणि दमसास यांचा हिशेब असलेली झुंज आवडेल.

आता यंत्राविषयी. डेस्कटॉपमध्ये ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर सुमारे २०० जीबी मोकळी जागा आहे. पाय स्टुलावर असल्यामुळे कीबोर्ड घेऊन बसणे जमत नाही, तेव्हा कंट्रोलरवर नीट खेळता आला पाहिजे. पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी वीज मध्येच जाते आणि घरच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे आहेत, हेही लक्षात घ्यावे. खर्च दोन हजारांच्या आत बसावा. प्लेस्टेशन किंवा स्विच घरात नाही, त्यामुळे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ कृपया सुचवू नये. त्याबद्दल पुष्कळ चांगले ऐकले आहे, पण इलाज नाही.

आपल्यापैकी कुणी असा गेम खेळला असेल तर त्यात वाट कशी सापडते, हे विशेष करून लिहावे.

पहिला प्रतिसाद

ताई, आपला प्रश्न वाचताच माझ्यापुढे एकच नाव आले : ‘किंग्डम कम : डिलिव्हरन्स’. २०१८ मध्ये आलेला पहिला भाग घ्यावा. २०२५ मध्ये आलेला दुसरा भाग किमान जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड मागतो, ते आपल्या १६५० पेक्षा वरचे आहे, त्यामुळे तो आपल्या यंत्राला झेपणार नाही.

काळ १४०३, प्रदेश बोहेमिया, म्हणजे आजचा चेक देश. जादू नाही, राक्षस नाहीत. नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा आहे आणि सुरुवातीला त्याला काहीही येत नाही. तलवार येत नाही, इतकेच काय, वाचताही येत नाही. पुस्तक उघडले तर अक्षरे उलटसुलट दिसतात आणि लेखनिकाकडे जाऊन वाचन शिकावे लागते. साझावा नदीकाठचा सुमारे १६ चौरस किलोमीटरचा खरा प्रदेश त्यांनी उभा केला आहे. आकडा लहान वाटेल, पण पायी चालायला लागल्यावर तो लहान राहत नाही.

वाटेचे म्हणाल, तर यात ‘हार्डकोअर’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात नकाशा मिळतो, पण आपण त्यावर कुठे आहोत ते दाखवले जात नाही. होकायंत्रावर दिशांची अक्षरे नसतात आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे थेट पोहोचण्याची सोयही काढून टाकलेली आहे. मग सूर्य कुठे आहे ते पाहायचे, मठाचा मनोरा किंवा गढीचा बुरूज शोधायचा, ओढ्याच्या वळणावरून आपली जागा ताडायची. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा टाल्मबर्गच्या गढीकडे जाताना जंगलात रात्र झाली, मशाल नव्हती, आणि शेवटी पाण्याचा आवाज धरून काठाकाठाने बाहेर पडलो. याशिवाय हाताने काढलेले खजिन्याचे नकाशे सापडतात : एक झाड, एक खडक, एक वळण, एवढीच रेखाटने. ती प्रत्यक्ष जागेशी जुळवत फिरण्यात माझी कित्येक रात्री मजेत गेली.

लढाईविषयी आपल्या बंधूंना सांगावे की प्रत्येक वार दिशा निवडून करायचा असतो, दम संपला की हात जड पडतात आणि तोंडावर झडप असलेले शिरस्त्राण घातले की समोरचे फटीतून बघितल्यासारखे दिसते. दोघे-तिघे एकदम आले तर मागे सरून त्यांना एका रेषेत आणावे लागते. दांडपट्टा फिरवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सगळे दृश्य नायकाच्या डोळ्यांतून दिसते, हे मात्र आधी माहीत असावे.

अडचण एकच आहे आणि ती आपल्या विजेशी निगडित आहे. हवे तेव्हा सेव्ह करता येत नाही. एक ठरावीक मद्य प्यावे लागते, आपल्या बिछान्यावर झोपावे लागते किंवा कथेतला टप्पा गाठावा लागतो. बाहेर पडताना सेव्ह करण्याची सोय नंतर दिली गेली, पण वीज अचानक गेली तर तिचा उपयोग नाही. संगणकासाठी एक लहान यूपीएस जोडून घ्या. पाच-दहा मिनिटे मिळाली तरी सेव्ह करून बाहेर पडता येते.

दुसरा प्रतिसाद

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ अजून खेळलेला दिसत नाही, याचे आश्चर्य वाटले. १८९९ मधली अमेरिका, घोड्याला खरारा आणि चारा, बर्फ, चिखल, शिकार. मिनीमॅप बंद करता येतो किंवा त्याच्या जागी नुसते होकायंत्र ठेवता येते. मोहिमा मात्र अगदी आखून दिलेल्या आहेत. ठरवलेल्या वाटेवरून थोडे बाजूला गेले तरी मोहीम फसते. ताईंच्या अटीत तो पूर्ण बसत नाही, हे मान्य करतो. शिवाय १५० जीबी जागा लागते. पण मोहिमा बाजूला ठेवून नुसते रानात भटकायचे असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही.

तिसरा प्रतिसाद

कमी चर्चा झालेले एक नाव सुचवते : २०१९ चा ‘आउटवर्ड’. यात कुठलाही वेगळा प्रकार न निवडता मुळातच नकाशावर आपली जागा दिसत नाही. पाठीवर पिशवी असते. लढताना ती खाली टाकली तर शरीर हलके होते आणि चुकवता येते, मात्र लढाईनंतर ती कुठे टाकली होती ते आठवावे लागते. थंडी, तहान, भूक, आजार सगळे सांभाळायचे. हरलो तर खेळ संपत नाही. कधी लुटारूंच्या तळावर कैदी म्हणून जाग येते, कधी कुणीतरी उचलून गावात आणलेले असते. सेव्ह आपोआप होत राहते, त्यामुळे विजेचे फारसे भय नाही. चित्रे ‘त्सुशिमा’सारखी देखणी नाहीत आणि पहिले काही तास फार खडतर आहेत.

हे सुचवण्याचे खरे कारण निराळे आहे. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांना एकत्र खेळता येते. ताई, भाजी निवडता निवडता तुम्ही गाव पाहिले आणि खेळणाऱ्याने पाहिले नाही. दुसरा कंट्रोलर तुम्ही घ्या.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण आधी खेळून पाहिले आणि मगच लिहायचे ठरवले होते.

यूपीएस आणला आणि ‘किंग्डम कम’ सवलतीत मिळाला तोही घेतला. भावाने पहिल्या तीन संध्याकाळी साध्या प्रकारात घालवल्या, मग हार्डकोअरमध्ये नव्याने सुरुवात केली. १२ तारखेच्या रात्री मित्रांचा फोन येऊन गेल्यावर तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने गेम लावला आणि मला शंभर पानी वही घेऊन शेजारी बसायला सांगितले. तो दिसेल ते बोलत होता आणि मी काढत होते : डावीकडे कुरण, पुढे दोन वाटा, उजवीची चढणीला लागते, चढ संपल्यावर एकटे झाड. एके ठिकाणी आम्ही चुकलो. मी ओढा वाटेच्या उजव्या अंगाला काढला होता, तो डावीकडून वाहत होता. वीस मिनिटे मागे जाऊन पाहिले तेव्हा कळले की मधे एक लाकडी साकव ओलांडल्याचे तो सांगायला विसरला होता. त्यानंतर पाणी ओलांडले की मोठ्याने सांगायचे, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आहे.

लढाईबद्दल त्याची एक तक्रार आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पायांकडे पाहून वार ओळखायची वस्तादांनी लावलेली सवय इथे कामाला येत नाही. खांदा आणि तलवारीचे टोक पाहावे लागते. ती सवय मोडून तो शिकतो आहे.

‘आउटवर्ड’ पुढच्या महिन्यात घेऊ. त्यासाठी दुसरा कंट्रोलर हवा आहे. हजार-दीड हजारांत टिकाऊ आणि मध्यम आकाराच्या हातात नीट बसणारा, वायरचा चालेल, असा कुठला घ्यावा, हे कुणी वापरलेल्या अनुभवावरून सांगू शकेल का?