घोडदळ नदीकाठी येऊन अडलं

चीनच्या सुंग राजवंशाचं सैन्य मुळातच दुबळं होतं, म्हणून ईशान्येकडून आलेले जुर्चेन हे घोडेस्वार लोक जिंकले, असं एक मत मांडलं जातं; मला ते अर्धवट वाटतं. 1127 मध्ये सुंगांची राजधानी कायफंग पडली, हुइझोंग आणि चिनझोंग हे बापलेक सम्राट कैद होऊन उत्तरेला नेले गेले, हे खरंच. पण तो उत्तरेचा सपाट मुलूख होता, घोडदळाला मोकळं रान! आणि सुंगांकडे चांगल्या घोड्यांची कायमच वानवा.

दक्षिणेला यांगत्से नदीवर चित्र पालटलं. 1130 मध्ये लुटीसह परतणाऱ्या जुर्चेन सेनापती वुचूच्या सैन्याला सुंग सेनापती हान शिचोंगने यांगत्सेवरच्या ह्वांगथ्येनतांगला महिनाभराहून अधिक काळ कोंडून धरलं. अखेर वारा पडलेल्या दिवशी सुंगांची अवजड गलबतं जागीच खिळली, जुर्चेनांनी अग्निबाण सोडून ती पेटवली, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. 1161 मध्ये यांगत्सेकाठच्या छायशीला तर त्यांना नदी ओलांडताच आली नाही.

म्हणूनच 1141 चा तह मला फार बोचतो. सुंग दरबाराने ह्वाय नदीपर्यंतचा उत्तरेचा मुलूख जुर्चेनांना सोडला, वर दरसाल अडीच लाख थेल (चिनी वजन) चांदी आणि तितकेच रेशमी तागे द्यायचं कबूल केलं. यूए फेईसारख्या सेनापतीला तर आपल्याच दरबाराने मारलं.