पाठ केलेली प्रार्थना आणि स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना

वसईची लेक:
माझे माहेर वसईचे, कॅथलिक. सासर नगरचे, प्रॉटेस्टंट. माहेरी संध्याकाळी आंजेलसची, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेची, घंटा झाली की हातातले काम तसेच टाकून उभे राहायचे आणि जेवणाआधी सगळ्यांनी मिळून रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, म्हणायची, ही सवय अंगवळणी पडलेली. सासरी मात्र रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत शास्त्रपठण झाले की प्रत्येक जण डोळे मिटून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतो, आणि माझी पाळी आली की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' याखेरीज माझ्या तोंडून काही निघत नाही. परवा धाकटे दीर थट्टेने म्हणाले, "वहिनी, पाठांतर झाले, आता प्रार्थना करा." ते मनाला लागले. पाठ केलेली प्रार्थना खरोखरच कमी प्रतीची असते का?

नगरकर:
ताई, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात व्यर्थ बडबड करू नका असे बजावून येशूने लगेच जी प्रार्थना शिकवली, ती तुम्ही म्हणता तीच. तेव्हा तो इशारा पाठ असलेल्या शब्दांना नसून मन नसलेल्या शब्दांना आहे. शिवाय आम्हा 'उत्स्फूर्त' म्हणवणाऱ्यांचेही शब्द ठरलेलेच असतात. माझ्या वडिलांची प्रार्थना 'नवा दिवस दाखविलास' इथे सुरू होऊन 'आजारी आणि प्रवासी जनांना सांभाळ' इथे संपायची, आणि 'प्रवासी' हा शब्द आला की आम्ही मुले चपला शोधू लागायचो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो, तीही दुसऱ्याने रचलेलीच. दिरांना एवढेच सांगा.

पापडीकर:
रोझरीत ओठ नमो मारिया म्हणत असतात तेव्हा मन ख्रिस्ताच्या जीवनातल्या एकेका रहस्यावर, म्हणजे प्रसंगावर, थांबलेले असावे, ही अपेक्षा आहे. गुरुवारी म्हणायची 'प्रकाशाची रहस्ये' तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये त्यात जोडली. मन भरकटते, हे कबूल. म्हणून मी दर दहा मण्यांआधी एका माणसाचे नाव घेतो, म्हणजे त्याच माळेत मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली, प्रार्थनाही होते. सासरी तेवढे एक नाव मोठ्याने उच्चारून पाहा.

स्तोत्रवाचक:
उपकारस्तुती, पापांगीकार, विनंती हे प्रकार सगळ्यांना ठाऊक असतात, पण तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच आहे हे आपण विसरतो. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले १३ वे स्तोत्र जेमतेम सहा वचनांचे असून त्याच्या आरंभीच देवाला चार वेळा 'कोठवर?' असे विचारलेले आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (८:२६) तर, कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे म्हटले आहे. तेव्हा तुमच्या गप्प बसण्याचा फार बाऊ करू नका.

वसईची लेक:
सर्वांचे आभार. काल त्याच पाठ प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी थांबले आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दोन वाक्ये बोलले. दुसरे अर्धवटच राहिले, पण 'आमेन' सगळ्यांनी म्हटले.