आधी कॉम्प्रेशन टेस्ट, मग इंजिन उतरवायची गोष्ट

दादा, दीड लाख किमी झालेली पेट्रोल गाडी सकाळी निळा धूर सोडते आणि मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवावंच लागेल, हे वाचून राहवलं नाही. प्लीज घाई करू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय हे नक्की, पण ते जातंय कुठून ते आधी बघायला हवं ना! रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला धूर आणि मग बंद, किंवा सायनच्या ट्रॅफिकमधे बराच वेळ आयडलिंगला राहून निघताना एक भपकारा, असं असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली झिरपू न देणारे रबरी सील) गेलेत, ते बऱ्याच गाड्यांत हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, न काढताही बदलता येतात. फ्लायओव्हर चढताना ॲक्सिलरेटर दाबला की सतत धूर, तर मात्र पिस्टनभोवतीच्या रिंगांवर संशय.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधे किती दाब तयार होतो ते मोजणं, समोर उभं राहून करून घ्या, ज्या सिलिंडरचं रीडिंग कमी येईल त्यात स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला सांगा, आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). आणि हो, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातल्या वाफा परत जळायला पाठवणारा छोटा व्हॉल्व्ह) चोक झाला तरी ऑइल जळतं, स्वस्तातलं काम आहे, तेच सगळ्यात आधी बघा. तोवर गाडी थंड असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघत जा, ऑइल मिनिममच्या खाली जाऊ देऊ नका.